दरबारी फुले आणि झाडाचे डोहाळे

चीनच्या सोंग घराण्यातील सम्राट हुइझोंग (राज्यकाल 1100 ते 1126) स्वतः निष्णात चित्रकार होता. त्याच्या दरबारची एक हकिकत डेंग चुन याने 1167 च्या आपल्या ग्रंथात नोंदवली आहे. नवा राजवाडा उभा राहिला, नामांकित चित्रकारांनी त्याच्या भिंती आणि पडदे रंगवले. सम्राटाने कशाचीच वाखाणणी केली नाही. दर्शनी ओसरीवर रंगवलेल्या गुलाबाच्या एका तिरप्या फांदीपाशी मात्र तो थांबला. ती काढणाऱ्या नवख्या तरुणाला त्याने बक्षीस दिले. कारण विचारल्यावर त्याने सांगितले, की बारमाही गुलाब फार थोड्यांना साधतो. त्याची पाने, पाकळ्या आणि केसर ऋतूगणिक, प्रहरागणिक बदलतात. हा गुलाब वसंतातल्या भर दुपारचा आहे आणि त्यात तसूभरही चूक नाही.

चिनी चित्रकारांच्या सूक्ष्म निरीक्षणाचा दाखला म्हणून ही हकिकत सांगितली जाते. निरीक्षण सूक्ष्म आहेच. पण फुलाचा ऋतू बरोबर की चूक, याचा निवाडा इथे सम्राट करतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. चीनमध्ये पंचांग काढण्याचा अधिकार गादीचा होता. खासगी पंचांगे छापण्यावर बंदी असे, आणि एखाद्या राज्याने चिनी पंचांग स्वीकारले, म्हणजे त्याने सम्राटाचे वर्चस्व मान्य केले असे समजत. ऋतू वेळेवर येणे ही राज्य नीट चालल्याची खूण होती. मग वसंतातल्या दुपारचा अचूक गुलाब हा नुसता गुलाब राहत नाही. काळ आपल्या ताब्यात आहे, याची ती सम्राटापुढे दिलेली साक्ष ठरते. 1120 मध्ये तयार झालेल्या त्याच्या चित्रसंग्रहाच्या सूचीत 6,396 चित्रे आहेत. त्यांतली 2,786, म्हणजे सर्वांत मोठा विभाग, फुला-पाखरांची आहेत.

या चित्रांचा एक आवडता प्रकार 'तोडलेल्या फांदी'चा आहे. चौकटीत फांदी येते. खोड, मुळे, माती येत नाहीत. रचना म्हणून ती अतिशय देखणी आहे. पण याच सम्राटाच्या बागेसाठी दक्षिणेकडून दुर्मिळ झाडे आणि दगड नावांनी आणले जात होते, वाट मोकळी करण्यासाठी पूल पाडले जात होते. त्या जाचाला कंटाळलेल्या लोकांनी 1120 मध्ये फांग ला याच्या मागे बंड केले. 1127 मध्ये राजधानी पडली आणि सम्राट कैदी होऊन उत्तरेला गेला. फांदीखालची माती चित्राबाहेर राहिली, हे म्हणूनच मला केवळ रचनेचे वैशिष्ट्य वाटत नाही.

आपल्याकडे दरबारी फुलाची आठवण काढायची, तर पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील एका हस्तलिखिताकडे वळावे लागते. आफताबी या कवीचे 'तारीफ-ए-हुसेनशाही' हे फारसी काव्य अहमदनगरच्या हुसेन निजामशहाच्या स्तुतीपर आहे. त्याची सचित्र प्रत 1565 नंतरच्या तीन-चार वर्षांतली मानली जाते. त्यातल्या एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते आहे. काव्य फारसी, पण कल्पना संस्कृत कवींची, 'दोहद' नावाची. सुंदरीच्या लत्ताप्रहाराने अशोक फुलतो, मद्याच्या चुळीने बकुळ, आलिंगनाने कुरबक. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अशोकाला पाय लावते ती मालविका तर आपल्या विदर्भाची राजकन्या.

हे चित्र पाहून कोणी म्हणेल, की इथेही तेच आहे. तिथे सम्राट ऋतू तपासतो, इथे राजस्त्री ऋतूला हुकूम सोडते. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचे कारण मराठीतच आहे. दोहद या शब्दाचेच मराठीत 'डोहाळे' झाले. डोहाळे लागतात ते झाडाला. स्त्री ते पुरवते. चित्रातली स्त्री झाडावर हुकूम गाजवत नाही, ती झाडाची इच्छा ओळखते. गर्भारशीच्या घरात जे नाते असते, ते इथे माणूस आणि झाड यांच्यात कल्पिले आहे. डोहाळे न पुरवले तर दोष घरच्यांकडे येतो. म्हणजे झाड फुलले नाही तर उणेपण झाडाचे नाही, आपले.

या हस्तलिखिताचा पुढचा इतिहास दुःखद आहे. हुसेनच्या मृत्यूनंतर राणी खुंजा हुमायूनने अज्ञान मुलाच्या नावाने राज्य चालवले. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हस्तलिखितातल्या अनेक चित्रांत राजाशेजारच्या तिच्या आकृती पुसल्या किंवा रंगाखाली दडपल्या गेल्या. झाडापाशी उभी असलेली स्त्री मात्र राहिली. सिंहासनाशेजारी जिचा अधिकार सलला, तीच झाडाशेजारी कोणाला सलली नसावी, असा माझा तर्क आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात फुलाकडे पाहण्याची रीत या दुसऱ्या चित्राच्या जवळची आहे. मोह फागुन-चैतात फुलतो. फुले रात्रीतून गळतात आणि पहाटे टोपल्या घेऊन बाया झाडाखाली पोचतात. इथे नजर फांदीवर नसते, जमिनीवर असते. माडिया गावांत नवे पीक, नवे फळ 'पंडुम' केल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पंडुम म्हणजे झाडाचे देणे आधी मानणे, मग घेणे. त्या फुलावरही सत्तेची नजर होतीच. दारूबंदी कायद्याखाली मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर दीर्घकाळ निर्बंध होते. शासनाने ते शिथिल केले 2021 मध्ये.

हुइझोंगच्या दरबारातली फुले थोर चित्रकलाच आहेत आणि राहतील. मात्र त्यांना 'निसर्गप्रेम' म्हणून मोकळे होणारी समीक्षा अर्ध्यावर थांबते. फुलाचे चित्र पाहताना ते किती हुबेहूब आहे यासोबत आणखी एक प्रश्न विचारावा: या चित्रात फुलाचे माणसाकडे काही मागणे आहे का? वसंतातल्या दुपारच्या त्या गुलाबाचे काहीच मागणे नाही. अहमदनगरच्या झाडाचे आहे.