आजीबाईंचें दप्तर : पंडिता रमाबाईंच्या पत्रसंग्रहाचें परीक्षण

एखाद्या वतनाच्या तंट्यांतील सर्व कागद एकाच पक्षाच्या दप्तरांत सांपडावे, आणि त्यांवर त्याच पक्षानें मागाहून टिपणें लिहून ठेवलेलीं असावीं, हा प्रसंग जुन्या कागदांत वावरणारांस नवा नाहीं. अशा वेळीं मूळ पत्र कोणतें व मागाहूनचें टिपण कोणतें हें आपण आधीं वेगळें करतों, मगच निवाड्याला बसतों. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केलेला, श्री. अ. भि. शहा यांनीं संपादिलेला पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार याच सावधगिरीनें वाचला पाहिजे. यांतील वाद वर्धेकरांस अगदीं परका वाटूं नये. पुढें येथील मगनवाडींत दीर्घकाळ राहिलेले जो. कॉ. कुमारप्पा यांचाही १९३० सालीं, सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीस धरून आहे कीं नाहीं यावरून, मेट्रोपॉलिटन बिशप वेस्टकॉट यांच्याशीं खटका उडाला होता.

पत्रें जमवून त्यांस टीपा जोडणाऱ्या सिस्टर जेराल्डिन या इंग्लंडांतील वाँटेज येथील मठाच्या धर्मभगिनी. तेथेंच २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंचा व लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई त्यांस पत्रांत ‘आजीबाई’ म्हणतात, यावरून नातें कळून येतें.

वादाचें मूळ असें. रमाबाईंनीं ख्रिस्त स्वीकारला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत, अथानासियसच्या नांवानें चालणारें मतपत्र व कुमारीच्या पोटचा जन्म यांविषयीं त्यांच्या शंका होत्या, आणि इंग्लंडच्या राजमान्य चर्चची चौकट त्यांस पुरत नव्हती. आजीबाईंच्या मतें हा मतभेद नसून अहंकार होता, व त्यावर उपाय एकच, नम्र होऊन पश्चात्ताप करणें. अंडें घातलेलें पक्वान्न न खाणें हेंसुद्धां त्या अहंकाराच्या खातीं जमा झालें. १२ मे १८८५ च्या पत्रांतील रमाबाईंच्या उत्तराचा आशय असा : मी ख्रिस्ताच्या मंडळीची आहें हें खरें, पण बिशपांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानण्यास बांधलेली नाहीं, आपल्या देशांतील पुरोहितांचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें, तसलेंच दुसरें मी घेणार नाहीं.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो क्रूसाचा प्रसंग. क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं; रमाबाईंस तेथें संस्कृत हवें होतें. आमच्या संस्कृताहून लॅटिनांत अधिक तें काय, असा त्यांचा प्रश्न. कोणास हा हट्ट वाटेल. मला त्यांत अनंतशास्त्री डोंगरे यांची कन्या दिसते. आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष बळकटपणें मांडणें हा गुरूचा अवमान नव्हे. शांकरभाष्य उघडावें, प्रतिपक्षास किती जागा दिली आहे तें दिसेल. रमाबाई पूर्वपक्ष करीत होत्या, आणि आजीबाई त्यास पाप समजत होत्या. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांस हें अधिक उमगलें. त्यांनीं शंकेस शंका मानून उत्तर दिलें. मीं स्वतः शाळेंत संस्कृत शिकवीत असतां एका मुलाचा प्रश्न उद्धटपणाचा समजून त्यास वर्गाबाहेर उभें केलें होतें. प्रश्न रास्त होता. हीं पत्रें वाचतांना तो मुलगा वारंवार आठवला.

तथापि आजीबाईंची तक्रार अगदींच निराधार नव्हती. इंग्लंडच्या चर्चमध्यें प्रौढाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं प्रेषितांच्या मतपत्रास होकार घेतात, व कुमारीजन्माचें कलम त्यांत आहे. मग होकार कशास दिला, असें विचारण्याचा अधिकार त्यांस होता. अथानासियसचें मतपत्र मात्र त्या विधींत विचारीत नाहींत. त्यापुरती रमाबाईंची बाजू निर्दोष आहे. हा भेद दोघींपैकीं कोणी नीट केला असता, तर कित्येक पत्रांची धार बोथट झाली असती.

पुढें १८९१ च्या सुमारास रमाबाईंची श्रद्धा पालटली. आपणांस ख्रिस्ती धर्म आधीं मिळाला व ख्रिस्त मागाहून, असें त्यांनीं १९०७ च्या आपल्या साक्षीच्या पुस्तकांत म्हटलें आहे. १९०५ सालीं तर केडगांवच्या मुक्तिसदनांत पश्चात्तापाची मोठी लाट उसळली. म्हणून शेवटीं आजीबाईच खऱ्या ठरल्या, असें कोणी म्हणेल. मला तें पटत नाहीं. हा पालट विल्यम हॅस्लम यांच्या पुस्तकाच्या वाचनानें सुरू झाला, वाँटेजच्या कानउघाडणीनें नव्हे; आणि त्यानंतरही रमाबाईंनीं मुक्तिसदन कोणत्याही एका पंथास बांधून दिलें नाहीं.

वाचकांस सूचना इतकीच कीं, पहिल्या वाचनांत टीपा वगळून पत्रें तारीखवार वाचावीं. टीपांत आजीबाई आपलीच बाजू पुन्हां मांडतात. पण संग्राहक म्हणून त्यांस एक श्रेय द्यावेंच लागेल. आपल्यावर उलटलेलीं तिखट पत्रें त्यांस सहज चुलींत घालतां आलीं असतीं. तीं त्यांनीं जपून ठेवलीं, आणि म्हणूनच आज त्यांच्या टीपा त्यांच्याच कागदांवरून तपासतां येतात.