ठोकळा आधी कुठे उभा राहायला हवा?

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातला आयसोमेट्रिकचा प्रश्न वर्षानुवर्षे तोच आहे: समोरचे, वरचे आणि बाजूचे दृश्य दिलेले असते, त्यावरून वस्तू उभी करायची. बदलले ते साधन. मिनी ड्राफ्टरची जागा कॅडने घेतली, शीटवरची खाडाखोड गेली. पण रेघ सुबक आली म्हणजे वस्तू कळली, ही समजूत कॅडच्या शिकवणीत सर्रास रुजली आहे आणि ती मला घातक वाटते.

केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये आयसोमेट्रिक पद्धत मांडली ती अगदी व्यवहारी गरजेतून. व्याख्यानासाठी लागणारी यंत्रांची प्रारूपे मदतनिसांना चित्र पाहून जोडता यावीत, एवढेच त्यांना हवे होते. यात तिन्ही अक्ष सारखेच आखडतात, ०.८१६ पट, म्हणून तिन्ही दिशांना एकच मापपट्टी चालते.

खरी कसोटी लागते ती वर्तुळाला. कागदावर समभुज चौकोन काढून चार केंद्रांवरून चार कंस मारायचे. येते ते जवळपासचे लंबवर्तुळ. ऑटोकॅडमध्ये आयसोमेट्रिक स्नॅप चालू करून एफ५ ने डावा, वरचा किंवा उजवा पृष्ठभाग निवडायचा, एलिप्समध्ये आयसोसर्कल घ्यायचे, केंद्र आणि त्रिज्या द्यायची. लंबवर्तुळ नेमके येते. मात्र उभ्या बाजूवर भोक हवे असताना वरचा पृष्ठभाग चालू राहिला, तर भोक भलतीकडेच कलते आणि सॉफ्टवेअर अवाक्षर काढत नाही. त्याच्या लेखी तिथे ठोकळा नाहीच, सपाट पानावरच्या रेघा आहेत. कुठली रेघ मागे लपते, कुठली ट्रिम करायची, हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. ही पद्धत जुनाट म्हणून हिणवली जाते. शिकण्यासाठी मला ती म्हणूनच मोलाची वाटते.

सॉलिडवर्क्स किंवा फ्रीकॅडमध्ये प्रवास उलटा होतो. स्केच काढा, एक्सट्रूड करा, वस्तू तयार. आयसोमेट्रिक दृश्य एका क्लिकवर. वस्तू फिरवून, कापून पाहता येते, हे वरदानच आहे. पण सरावासाठी मापांसकट तयार आयसोमेट्रिक चित्र हाती दिले, तर जे डोळ्यांपुढे आणायचे तेच आयते मिळते. उरते ती आदेशांची उजळणी.

वस्तू डोळ्यांपुढे आणता न येण्याची ही उणीव पाइपिंगच्या कामात उघडी पडते. तिथली आयसोमेट्रिक चित्रे प्रमाणात नसतात. उत्तर दिशेचा बाण आणि लिहिलेली मापे यांवर सगळी मदार. आज ती बहुधा मॉडेलमधूनच निघतात. पाइप एकाच वेळी वर आणि बाजूला वळत असेल, तर ते तिरके वळण दाखवायला भोवती चौकट काढून हॅचिंग करतात. ते न समजणाऱ्याला कागदावर नुसती एक तिरकी रेघ दिसते, आणि फिटर तर त्याच कागदावरून पाइप कापणार असतो.

म्हणून कॅडच्या प्रात्यक्षिकात दोनच दृश्ये द्यावीत आणि तिसरे विद्यार्थ्याकडून मागावे. संगणक सुरू होण्याआधी हाताने आयसोमेट्रिक स्केच काढून घ्यावे, मग मॉडेल करून दोन्ही शेजारी ठेवावीत. गुण त्या स्केचलाही असावेत, आणि मॉडेलशी ते जिथे जुळत नाही त्या जागेवर तास खर्च व्हावा.