परीक्षक कोण, हाही प्रश्न विचारावा

प्रयोगशाळेतला पांढरा उंदीर मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गथ्री (१९३०-२००५) यांनी आपल्या ग्रंथाचे नाव त्याच्यावरूनच ठेवले : 'ईव्हन द रॅट वॉज व्हाइट', म्हणजे उंदीरसुद्धा पांढराच! हा ग्रंथ १९७६ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १९९८ साली आली. नावातला टोमणा उघड आहे. संशोधक गोरे, ज्यांच्यावर प्रयोग केले ते बहुतेक गोरे आणि उंदीरही गोराच; मग त्यातून निघालेले नियम सगळ्या माणसांना लागू कसे धरायचे? ग्रंथ जुना असला तरी शिक्षकांनी तो जरूर वाचावा. मात्र तो वाचताना एक सावधगिरी बाळगावी, असे आम्हांला वाटते.

ग्रंथाच्या पहिल्या भागात, वंशभेदाचे समर्थन करण्यासाठी विज्ञानाच्या मोजपट्ट्या कशा वापरल्या गेल्या, त्याचा इतिहास आहे. कवटीच्या मापांपासून सुरू झालेला हा प्रवास बुद्धिमापन कसोट्यांपर्यंत येतो. पहिल्या महायुद्धात, १९१७-१८ साली, अमेरिकेने सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिमापन चाचणी घेतली. कृष्णवर्णीयांचे सरासरी गुण कमी आले आणि त्यावरून त्यांची बुद्धीच जन्मतः कमी, असा निष्कर्ष काढून काही जण मोकळे झाले. होरेस मान बाँड या तरुण कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञाने १९२४ साली तेच आकडे प्रांतवार मांडून पाहिले. तेव्हा इलिनॉयसारख्या उत्तरेकडील राज्यांतील कृष्णवर्णीयांचे गुण दक्षिणेतील काही राज्यांच्या गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले. म्हणजे कसोटी मोजत होती ती बरीचशी शाळेची प्रत! आकडे सर्वांपुढे होते. पण ते असे मांडून पाहण्याची गरज ज्याला भासली, त्यानेच ते मांडले.

हे नवे प्रश्न विचारणारे लोक आले कोठून? हा ग्रंथाचा दुसरा आणि अधिक मोलाचा विषय. फ्रान्सिस सम्नर यांना घरीच वडिलांनी शिकवले. माध्यमिक शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. १९२० साली क्लार्क विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते मानसशास्त्रातील पहिले कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारक अमेरिकन ठरले. पुढे हॉवर्ड विद्यापीठात त्यांनी मानसशास्त्र विभाग उभा केला. अशी माणसे किती थोडी होती, हे एका आकड्यावरून कळेल. १९२० ते १९६६ या काळात अमेरिकेतील दहा नामांकित मानसशास्त्र विभागांनी ३,७०० हून अधिक डॉक्टरेट दिल्या. त्यांतील कृष्णवर्णीयांना मिळालेल्या केवळ ८!

याच हॉवर्ड विद्यापीठात शिकलेल्या मेमी क्लार्क यांनी १९४३ साली कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. १९४६ साली त्यांनी पती केनेथ क्लार्क यांच्यासह न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात 'नॉर्थसाइड' हे बालमार्गदर्शन केंद्र काढले. शाळेने 'मंदबुद्धी' ठरवून वेगळ्या वर्गात घालायचे ठरवलेली मुले पालक तेथे घेऊन येऊ लागले. पुन्हा चाचणी घेतल्यावर दिसले की, त्यांतील बहुतेकांचा बुद्ध्यंक त्या वर्गासाठी ठरवलेल्या मर्यादेच्या वरच आहे. ज्या मुलांची पुन्हा चाचणी झालीच नाही, त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना शिक्षकांनी करावी.

येथवर गथ्री यांच्या म्हणण्याशी आम्ही सहमत आहोत. संशोधक कोणत्या घरातून, कोणत्या वस्तीतून आला, यावर तो कोणता प्रश्न विचारील हे बरेचसे ठरते. नुसते उच्च शिक्षण त्यासाठी पुरत नाही. मेमी क्लार्क यांचे डॉक्टरेटचे मार्गदर्शक हेन्री गॅरेट हे नामवंत प्राध्यापक होते. १९५२ साली व्हर्जिनियातील शाळांच्या खटल्यात त्यांनी वर्णानुसार वेगळ्या शाळांच्या बाजूने साक्ष दिली. त्याच खटल्यात मेमी क्लार्क यांनी विरुद्ध बाजूने साक्ष दिली. विद्यापीठ एक, शास्त्र एक, साक्षी मात्र दोन!

पण प्रश्न योग्य असला म्हणजे उत्तरही आपोआप बरोबर ठरत नाही. ग्रंथाचा भर चरित्रांवर आहे. त्यामुळे या संशोधकांच्या कार्याविषयी आदर वाटू लागतो आणि त्यांच्या प्रयोगांची छाननी करायची राहून जाते. क्लार्क दांपत्याचा बाहुल्यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते सात वर्षांच्या २५३ कृष्णवर्णीय मुलांपुढे त्यांनी गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या. सुमारे ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली. वर्णानुसार वेगळ्या शाळा १९५४ साली घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या एका अहवालाचा उल्लेख केला. निकाल न्याय्यच होता. परंतु १९४७ साली छापलेले मूळ आकडे पाहा. दक्षिणेतील वेगळ्या शाळांतील ६२ टक्के मुलांनी गोरी बाहुली निवडली, तर उत्तरेतील मिश्र शाळांतील ७२ टक्के मुलांनी! वेगळी शाळा हेच एकमेव कारण असते, तर हे आकडे उलटे यायला हवे होते. मुलांच्या मनावर शाळेबाहेरच्या समाजाचाही ठसा होता, एवढेच यातून निश्चित म्हणता येते. बाँड यांनी सैन्याच्या आकड्यांना लावलेली कसोटीच आपण क्लार्क यांच्या आकड्यांनाही लावली पाहिजे. त्यात त्यांचा अनादर नाही.

आपल्याकडे या विषयाचे महत्त्व कमी नाही. बुद्धिमापनाची बिने कसोटी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली, आणि 'बिने-कामत' हे नाव आपल्या बऱ्याच शिक्षकांच्या कानांवरून गेलेले असते. परकी कसोटी जशीच्या तशी वापरू नये, हे कामतांनी ओळखले, हे त्यांचे मोठे काम. पण मेळघाटातील कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारकडील भिली बोलणाऱ्या मुलाला मराठी कसोटीही परकीच असते. अमेरिकेत हाच मुद्दा जॉर्ज सांचेझ यांनी १९३४ साली स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांबाबत मांडला होता : जे शब्द मुलाला कधी शिकवलेच नाहीत, ते त्याला आले नाहीत म्हणून त्याची बुद्धी कमी कशी म्हणायची? सांचेझ वयाच्या सोळाव्या वर्षी न्यू मेक्सिकोतील खेड्यातल्या शाळेत शिक्षक झाले होते. हा प्रश्न त्यांना सुचला यात नवल नाही.

तेव्हा एखाद्या विद्यार्थ्याचा बुद्धिमापन अहवाल हाती आला, तर शिक्षकांनी निदान तीन गोष्टी विचाराव्यात. चाचणी कोणत्या भाषेत घेतली? कसोटीचे प्रमाण ठरवताना अशी मुले त्यात होती का? आणि परीक्षकाला मुलाची बोली समजत होती का? उत्तरे समाधानकारक नसतील, तर मुलाला वेगळ्या वर्गात पाठवण्यापूर्वी त्याच्या बोलीत पुन्हा चाचणी घेण्याचा आग्रह धरावा. ही मागणी करायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही; मूल रोज आपल्यासमोर बसते, एवढा अधिकार पुरेसा आहे.