उत्तरवचनाचे प्रामाण्य आणि क्षमेचा अधिकार

पूर्वग्रहाने लिहिलेले शब्द लेखकाच्या पुढील मतपरिवर्तनाने रद्द होतात काय, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, तितकाच तो पाठसमीक्षेचाही आहे. मनुष्य बदलला हे परक्यास कळते ते बहुधा त्याच्या शब्दांवरून. आणि ते शब्द कोणत्या क्रमाने, कोणत्या भाषेत व कोणास उद्देशून लिहिले गेले हे पाहिल्यावाचून परिवर्तनाविषयी काहीही निश्चित म्हणता येत नाही. या विचारास महात्मा गांधींच्या लेखनाइतके विपुल साधन क्वचितच मिळेल. त्यांच्या समग्र वाङ्मयाचे १०० इंग्रजी खंड १९५८ ते १९९४ या काळात कालक्रमाने प्रसिद्ध झाले. शिवाय आपली परस्परविरुद्ध वचने कशी वाचावीत याचा नियमही गांधींनी स्वतःच घालून दिला. २९ एप्रिल १९३३ च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी असा आशय मांडला की, एकाच विषयावरील दोन वचनांत विसंगती दिसली तर वाचकाने नंतरचे वचन ग्राह्य धरावे.

व्याकरणाच्या अभ्यासकास हा नियम ओळखीचा वाटेल. तुल्यबल अशा दोन सूत्रांत विरोध उत्पन्न झाल्यास पुढचे सूत्र प्रवृत्त होते, अशी व्यवस्था पाणिनीनेही अष्टाध्यायीत केली आहे. परंतु तेथे पूर्वसूत्र ग्रंथातून नाहीसे होत नाही. विरोध नसेल तेथे त्याचे कार्य चालूच राहते. ही मर्यादा ध्यानात ठेवली म्हणजे गांधींच्या नियमाचे बळ आणि त्याची अपुरेपणाची जागा ही दोन्ही स्पष्ट होतात.

बळ दिसते ते जातीविषयीच्या लेखनात. ६ ऑक्टोबर १९२१ च्या ‘यंग इंडिया’तील लेखात गांधींनी रोटीबेटीव्यवहारावरील निर्बंध आत्मोन्नतीस आवश्यक मानले होते. नोव्हेंबर १९३५ मध्ये त्यांनीच जातिसंस्था गेली पाहिजे असे लिहिले. आणि १९४६ साली सेवाग्रामच्या आश्रमात होणारा विवाह सवर्ण व ‘हरिजन’ यांच्यातीलच असावा, इथवर ते आले. विषय एकच, वचने परस्परविरुद्ध आणि उत्तरवचन निःसंदिग्ध. तेव्हा येथे परिवर्तन सिद्ध होते. तथापि जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह होय, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात मांडले होते. पुढे १९५५ च्या एका इंग्रजी मुलाखतीत त्यांनी असाही आक्षेप घेतला की, गांधींच्या इंग्रजी पत्रातील भूमिका व गुजराती पत्रातील भूमिका एक नव्हती. आक्षेप कितपत खरा हे दोन्ही भाषांतील लेख शेजारी ठेवूनच ठरवावे लागेल. परंतु ‘नंतरचे कोणते’ या प्रश्नाबरोबर ‘कोणत्या भाषेतील’ हा प्रश्नही विचारला पाहिजे, ही त्यातील समीक्षादृष्टी निर्विवाद आहे.

नियमाचा अपुरेपणा दिसतो तो आफ्रिकी लोकांविषयीच्या लेखनात. २६ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईत फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये केलेल्या भाषणात गांधींची तक्रार अशी होती की, गोरे वसाहतवाले हिंदी माणसास ‘काफर’ लोकांच्या पातळीस आणू पाहतात. आणि त्या लोकांचे वर्णन त्यांनी आळस, नग्नता व गुरे देऊन बायको मिळविण्याची हाव अशा शब्दांत केले. मूळ अरबीत श्रद्धाहीन एवढ्याच अर्थाचा हा शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर व्यापाऱ्यांच्या तोंडून पोर्तुगीज व डच यांच्याकडे गेला आणि वसाहतींत एका वंशाचे तुच्छतादर्शक नाव होऊन बसला. आजच्या दक्षिण आफ्रिकेत त्याचा अपमानार्थी वापर न्यायालये गुन्हा मानतात. १९०८ च्या मार्चमध्ये तुरुंगाचे अनुभव लिहिताना, आपणास आफ्रिकी कैद्यांच्या वर्गात घातले याचा विषाद गांधींनी त्याच भाषेत व्यक्त केला. आणि त्याच वर्षी १८ मे रोजी जोहान्सबर्ग येथील भाषणात सर्व वंश एकत्र मिसळून जगाने न पाहिलेली संस्कृती निर्माण करतील, असे भविष्यचित्रही रंगविले. परिवर्तन हे सरळ रेषेत होत नसते, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

पुढे १९२३ च्या अखेरीस येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास सांगावयास घेतला. त्यातील झुलू लोकांचे वर्णन विशेष लक्षणीय आहे. गोरा वर्ण व सरळ नाक म्हणजे सौंदर्य, ही आपली समजूत भ्रामक असून ती बाजूस सारल्यास झुलूंना घडविताना विधात्याने काही कसर ठेवली नाही असे दिसेल, असा त्याचा आशय आहे. झुलू भाषेच्या माधुर्याचे श्रेय ते शब्दान्तीच्या ‘अ’कारास देतात. भाषाशास्त्रदृष्ट्या हे निरीक्षण अर्धेच खरे होय, कारण झुलू शब्द कोणत्याही स्वराने संपू शकतात. परंतु १८९६ साली ज्यांच्या जगण्यात काही घेण्याजोगे दिसले नव्हते त्यांची भाषा आता कान देऊन ऐकली गेली, हे त्यातून कळते. सौंदर्याविषयीचा पूर्वग्रह येथे नाव घेऊन दोषी ठरविला आहे. मात्र तो ‘आपला’ सर्वांचा म्हणून. मुंबईतील त्या वक्त्याचा म्हणून नव्हे.

हीच उणीव १९०६ च्या झुलू बंडाच्या कथनात अधिक जाणवते. त्या वर्षी ‘इंडियन ओपिनियन’मध्ये गांधींची भूमिका अशी होती की, बंड न्याय्य की अन्याय्य हे हिंदी लोकांनी ठरवावयाचे नाही, नाताळमधील आपले अस्तित्वच ब्रिटिश सत्तेवर अवलंबून आहे. १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत मात्र आपले मन झुलूंच्याच बाजूस होते असे ते सांगतात. हे असत्य म्हणता येणार नाही. ज्यांना गोऱ्यांनी हात लावला नसता अशा झुलू जखमींची शुश्रूषा त्यांच्या पथकाने केली होती आणि तेव्हाची आपली साम्राज्यनिष्ठाही त्यांनी लपविलेली नाही. परंतु पूर्वीचे शब्द त्या कथनात उमटत नाहीत. १९१९ च्या चुकीस हिमालयाएवढी म्हणणाऱ्या लेखकाच्या बाबतीत हे मौन नजरेआड करता येत नाही. उत्तरवचन आहे, पूर्ववचनाचा निर्देश नाही.

येथे क्षमेचा प्रश्न उभा राहतो. ‘तो बदलला’ या मराठी वाक्यास एकच व्यक्ती पुरते. ‘क्षमा करणे’ यास दोन व्यक्ती लागतात. ‘क्षमा मागणे’ या प्रयोगात तर ज्याच्याकडे ती मागावयाची त्याचे नाव षष्ठीत येते: ‘त्याची क्षमा मागितली.’ क्षमा ज्याची आहे त्याच्याकडेच ती मागता येते, हा भेद भाषेने जपलेला आहे. म्हणून परिवर्तनाचा निर्णय वाचक कागदपत्रांवरून देऊ शकतो. क्षमेचा निर्णय देण्याचा अधिकार त्यास नाही. हिंदी समीक्षकाने गांधींना आफ्रिकी लोकांच्या वतीने क्षमा करणे म्हणजे दुसऱ्याच्या ठेवीतून दान करणे होय.

ज्यांचा तो अधिकार होता त्यांनी तो दोन्ही प्रकारे वापरला. नेल्सन मंडेला यांनी गांधींच्या तुरुंगवासावरील आपल्या लेखात, हे पूर्वग्रह क्षम्य मानावेत आणि त्यांचा विचार त्या काळाच्या व परिस्थितीच्या संदर्भात व्हावा, असे मत दिले. उलट घाना विद्यापीठात २०१६ साली उभारलेला गांधींचा पुतळा तेथील अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या विरोधामुळे डिसेंबर २०१८ मध्ये हलविण्यात आला. यांपैकी एक निर्णय उदार व दुसरा कृतघ्न असे ठरविण्याची घाई करू नये. मंडेलांची क्षमा अक्रा येथील विद्यार्थ्यास बांधून घालीत नाही, आणि त्या विद्यार्थ्याचा नकार मंडेलांच्या क्षमेस खोटे ठरवीत नाही. काळाचा दाखला दोष कसा उपजला हे सांगतो. तो कोणास सोसावा लागला हे सांगत नाही.

मग समीक्षेचे कार्य कोणते? पूर्व व उत्तर ही दोन्ही वचने आपापल्या जागी अबाधित ठेवणे. गांधींच्या समग्र वाङ्मयाची सुधारित आवृत्ती १९९८ च्या सुमारास निघाली. तीतील गाळलेल्या व बदललेल्या मजकुराबद्दल अभ्यासकांनी आक्षेप घेतल्यावर २००५ मध्ये ती मागे घेण्यात आली. हा निर्णय योग्यच होता. १८९६ चे भाषण वगळले तर येरवड्यातील झुलूवर्णन केवळ एक प्रसन्न प्रवासवर्णन उरते. ते ज्या अंतरावरून आले ते अंतरच दिसेनासे होते आणि त्याबरोबर परिवर्तनाचा पुरावाही जातो. याउलट केवळ १८९६ चेच भाषण वाचून थांबणारा वाचक, मनुष्यास पुढे काही शिकता येते हेच नाकारतो. पूर्वग्रह बाळगणारा मनुष्य बदलू शकतो, एवढे या ग्रंथसमूहावरून निश्चित म्हणता येते. मात्र ज्यांना उद्देशून ते मूळ शब्द होते त्यांच्यासमोर त्याने ते शब्द पुन्हा उच्चारून मागे घेतले, असे त्यावरून म्हणता येत नाही. नंतरचे वचन लेखकाच्या मताविषयी प्रमाण आहे; झालेल्या अवमानाविषयी ते प्रमाण नाही.