'इव्हेन्च्युअली': व्युत्पत्ती आणि प्रयोग

इंग्रजी 'इव्हेन्च्युअली' आणि स्पॅनिश 'एबेन्तुआलमेन्ते' या दोन्ही क्रियाविशेषणांचे मूळ लॅटिन 'एवेन्तुस', म्हणजे घडलेली गोष्ट, हेच होय. अर्थ मात्र दुरावले. इंग्रजी शब्द 'विलंबाने का होईना, अखेरीस' असे निश्चयाने सांगतो. स्पॅनिश शब्द 'प्रसंग पडल्यास' एवढेच सुचवितो. स्पॅनिशमध्ये 'त्राबाखादोर एबेन्तुआल' म्हणजे हंगामी कामगार. त्यामुळे 'रक्कम इव्हेन्च्युअली दिली जाईल' हे इंग्रजीतील वचन स्पॅनिशभाषकास केवळ शक्यता वाटण्याचा संभव असतो. मराठी 'शिक्षा' आणि हिंदी 'शिक्षा' यांतही असेच अंतर आहे. व्युत्पत्ती नाते सांगते. अर्थाचा निर्णय प्रयोगच करतो. म्हणून द्वैभाषिक कोशाने केवळ प्रतिशब्दावर न थांबता हा भेद वाक्यांतून दाखविणे अगत्याचे आहे.