दर्शन आणि सहवास

मराठीत अरण्याविषयी आणि दूरदेशीच्या श्वापदांविषयी अलीकडे विपुल लेखन होऊ लागले आहे. केनिया, टांझानिया, दक्षिण आफ्रिका या देशांची यात्रा करून आलेली सुखवस्तु कुटुंबे आपले अनुभव लिहितात, दिवाळी अंक ते हौसेने छापतात. ताडोबा, पेंच, मेळघाट यांची वर्णने तर त्याहूनही अधिक. मराठी माणूस घर सोडून बाहेर पडू लागला, याचा कोणालाही आनंदच वाटेल. तथापि हे लेख एकापाठोपाठ एक वाचीत गेले असता मनाला एक प्रकारचा शीण येतो. सर्वांचा साचा एकच. पहाटेच्या थंडीत उघड्या मोटारीत बसणे, वाटाड्याने ओठांवर बोट ठेवणे, मग सिंह किंवा वाघ दृष्टीस पडणे, श्वास रोखला जाणे आणि छायाचित्रे घेणे. वाघ दिसला तर लेख सफळ, न दिसला तर हुरहूर. देश म्हणजे या प्रसंगामागचा रंगविलेला पडदा, आणि त्या देशाची माणसे म्हणजे मोटार हाकणारा, चहा देणारा व संध्याकाळी नाचून दाखविणारा. विषय इतका संपन्न असता लेखन इतके दरिद्री का व्हावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

आमच्या मते याचे कारण लेखकांच्या प्रतिभेत नसून त्यांनी स्वीकारलेल्या नात्यात आहे. हे नाते दर्शनाचे आहे, सहवासाचे नाही. देवदर्शनाच्या रांगेत उभा असलेला भाविक मूर्तीपुढे क्षणभर उभा राहतो आणि कृतार्थ होऊन परत फिरतो. देवळाच्या आवारात राहणाऱ्या गुरवाला मात्र त्याच मूर्तीचे सारे दिवस ठाऊक असतात. वनसाहित्याचा कस यावरच लागतो. ज्या पानावर वाघ नाही, त्या पानावर लेखकापाशी सांगण्यासारखे काय आहे?

प्रथम 'सफारी' या शब्दाकडेच पाहा. अरबीतील 'सफर' पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाऊन स्वाहिली भाषेत 'सफारी' झाला. तोच शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे येऊन 'सफर' म्हणूनच राहिला. म्हणजे नात्याने हा आपल्या घरचाच शब्द. स्वाहिली बोलणारा मनुष्य आप्तांच्या गावी निघाला तरी ती सफारीच होय. युरोपीय शिकाऱ्यांच्या हाती पडून या शब्दाचा अर्थ आक्रसला, आणि तंबू, हमाल व बंदुका यांसह श्वापदांमागे निघालेली मोहीम एवढाच उरला. पुढे काळ पालटला. भारतात १९७२ च्या कायद्याने वन्यजीवांना संरक्षण मिळाले, केनियाने १९७७ साली शिकार बंद केली. बंदूक गेली, तिच्या जागी कॅमेरा आला. पण मोहिमेची घडण मात्र जशीच्या तशी राहिली. आज काय मिळाले, किती जवळून मिळाले, हाच हिशेब. शिकाऱ्याच्या वहीत जी भाषा होती तीच थोडी सोवळी होऊन प्रवाशाच्या लेखात उतरली आहे.

या भाषेने काय हरवते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. टांझानियातील सेरेंगेटी हे नाव मसाई भाषेतील असून त्याचा आशय अंत न लागणारे मैदान असा सांगतात. आपली गुरे चारीत ज्यांनी या मैदानाला नाव दिले, त्या मसाई लोकांना तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून १९५९ साली गोरोंगोरोच्या प्रदेशात जावे लागले. दुसरे उदाहरण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या दैवतावरून आले. तारू हा गावचा प्रमुख. तो वाघाशी झुंजताना मेला आणि पुढे देव झाला, अशी कथा आहे. तळ्याच्या काठी त्याचे ठाणे आहे. येथील राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, व्याघ्रप्रकल्प १९९५ सालचा. त्यानंतर आतली काही गावे बाहेर वसविण्यात आली. दोन्ही ठिकाणी नाव राहिले आणि नाव ठेवणारे बाहेर गेले.

यात सर्वस्वी अन्यायच झाला, असे म्हणण्याचा आमचा हेतू नाही. दहा लाखांहून अधिक विल्डबीस्ट दरवर्षी पावसामागून सेरेंगेटी व मसाई मारा यांच्या गवताळ प्रदेशात फिरतात; त्यांना मोकळी भूमी हवीच. वाघालाही निर्वेध अरण्य लागते. पण राज्यकर्त्याने काय करावे हा एक प्रश्न, आणि लेखकाने काय पाहावे हा दुसरा. सरकारने माणसे अरण्याबाहेर नेली म्हणून लेखकानेही ती पुस्तकाबाहेर न्यावी, असे कोणी सांगितले आहे? प्रवासी जेव्हा 'मानवाचा स्पर्शही नसलेली भूमी' असे लिहितो, तेव्हा तो सौंदर्याचे वर्णन करीत नसतो. नकळत एक असत्य लिहीत असतो.

हीच कसोटी हाती घेऊन तीन लेखकांकडे पाहू.

काकासाहेब कालेलकर जन्माने साताऱ्याचे, लेखनाने मुख्यतः गुजरातीचे, आणि अनेक वर्षांच्या वास्तव्याने वर्ध्याचे. १९५० च्या सुमारास त्यांनी पूर्व आफ्रिकेचा प्रवास केला. त्यावरील त्यांच्या हिंदी पुस्तकाचे नावच 'उस पार के पड़ोसी' असे आहे. पलीकडच्या तीरावरचे शेजारी! समुद्र हा दुरावा नसून दोन घरांमधले अंगण आहे, ही दृष्टी त्या नावातच प्रकट होते. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल जेथे बाहेर पडते, त्या युगांडातील जिंजा येथील स्थळाला त्यांनी गंगोत्रीच्या चालीवर 'नीलोत्री' म्हटले. महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश १९४८ साली तेथे विसर्जित झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नावातील भाव अधिकच उमजतो. परकी नदी एका शब्दाने आप्त झाली. मात्र रसिकाने येथेही सावध असावे. तेथील बसोगा लोक त्या नदीला 'कियिरा' म्हणतात. आपण प्रेमाने ठेवलेले नाव मूळच्या नावावर पांघरूण घालीत असेल, तर तेही एक प्रकारचे दर्शनच ठरते, भक्तिभावाचे असले तरी. तथापि शेजारी या नात्याने आफ्रिकेकडे पाहणे आजच्या किती प्रवासवर्णनांत आढळते? त्या मानाने कालेलकरांची वृत्ती फार पुढची होती.

दुसरे व्यंकटेश माडगूळकर. माणदेशच्या रखरखीत भूमीत वाढलेल्या या लेखकाने तरुणपणी शिकार केली आणि पुढे बंदूक खाली ठेवली. १९७९ सालचे त्यांचे 'नागझिरा' हे पुस्तक त्या काळच्या भंडारा व आताच्या गोंदिया जिल्ह्यातील अभयारण्यात केलेल्या मुक्कामाचे फळ होय. येथे लेखक मोटारीतून धावत नाही. तो बसतो, चालतो, वाट पाहतो आणि चित्रे रेखाटतो. वाघ हा या पुस्तकाचा नायक नव्हेच. पाणवठा, उन्हाची तिरीप, वाळलेल्या पानांवरची चाहूल यांना येथे प्रसंगाचा मान मिळतो. चित्रकाराचा डोळा आणि कथाकाराचा संयम यांचा असा मेळ मराठीत दुर्मिळ आहे. पुढे वानरांच्या टोळीवर लिहिलेल्या 'सत्तांतर' या कादंबरीस १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या कृतीत प्राणी माणसाला बोध करण्यासाठी अवतरत नाहीत. भूक, भीती व अधिकार हे त्यांचे स्वतःचेच व्यवहार आहेत, आणि लेखक त्यांत लुडबूड करीत नाही. पंचतंत्राच्या परंपरेत वाढलेल्या भाषेला हे वळण देणे सोपे नव्हते. उणीव दाखवायचीच तर ती 'नागझिऱ्या'तील एकांताची आहे. एकटेपणासाठी गेलेल्या पाहुण्याला अरण्य भेटते, पण त्या अरण्यावर पोट असलेली माणसे कडेलाच उभी राहतात.

ही उणीव तिसऱ्याने भरून काढली. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात आयुष्य घालविले. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची कर्मभूमी. 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'चकवाचांदण' यांचे लालित्य मान्य करूनही आम्हांस त्यांचे खरे ऋण शब्दांचे वाटते. गोंड, माडिया, फासेपारधी यांच्या तोंडून त्यांनी झाडांची, पाखरांची, ऋतूंची नावे टिपली, आणि ती मराठीच्या पदरात घातली. नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या रानाच्या जाणत्यांना त्यांनी गुरूचा मान दिला. शिष्य म्हणून अरण्यात शिरलेला अधिकारी ही गोष्टच अपूर्व आहे. त्यांच्या लेखनात ऐकीव आणि पाहिलेले यांच्यामधली रेषा कधी कधी पुसट होते, व चिकित्सक वाचक तेथे अडखळतो, हे नमूद केलेच पाहिजे. त्याहून महत्त्वाची एक विसंगती आहे. ज्या फासेपारध्याची विद्या पुस्तकात पक्षिज्ञान म्हणून गौरविली गेली, तीच विद्या पोटासाठी वापरणे १९७२ नंतर गुन्हा ठरले. कायदा आवश्यक होता; पण त्याची किंमत कोणी दिली, याची पुरी नोंद मराठी वनसाहित्याने अद्याप केलेली नाही.

आणि येथेच आमच्या वर्धा जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो. पुलगावहून आर्वीकडे जाताना लागणारे रोहणा हे काळ्या मातीचे, कपाशी-तुरीचे गाव. याच जिल्ह्यात बोर अभयारण्य १९७० साली स्थापन झाले, आणि २०१४ साली ते व्याघ्रप्रकल्प ठरले. क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटरांच्या आसपास. देशातील अत्यंत लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. सेरेंगेटी याच्या शंभरपटीहून मोठे! अशा अरण्यातला वाघ हद्दीच्या आत राहीलच कसा? प्रवाशांनी व छायाचित्रकारांनी कौतुकाने पाहिलेला 'बाजीराव' नावाचा बोरचा वाघ २०१७ च्या अखेरीस महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला. उद्यानाच्या चौकटीत तो देखावा होता. चौकटीबाहेर पाऊल टाकताच तो रस्ता ओलांडणारा एक जीव झाला. त्याची पहिली गोष्ट अनेकांनी लिहिली. दुसरी बातमीच्या चार ओळींत संपली.

वाघ राहो, रोही आणि रानडुक्कर यांना तर हद्द मुळीच ठाऊक नाही. उभी तूर आणि बोंडांवर आलेली पऱ्हाटी राखण्यासाठी शेतकरी थंडीच्या रात्री मचाणावर जागल करतो. अंधारात धुऱ्यापलीकडे काय हलले, ते कोणत्या बाजूने आले, एकटे की कळपाने, हे तो केवळ आवाजावरून ओळखतो. याला कोणी सफारी म्हणत नाही. त्याच्यापाशी दुर्बीण नाही, वाटाड्या नाही. आणि जनावर दिसले तर त्याला आनंद होत नाही. परंतु प्राण्याचा खरा सहवास म्हणतात तो हाच, कारण येथे दोघांचेही पोट पणाला लागलेले असते. या सहवासात राग आहे, भय आहे; आणि पुष्कळदा, पीक गेल्यावरही, त्या जनावराविषयी एक समजूतदार आदरही आहे. हा संमिश्र भाव केवळ अहवालात मावणारा नाही, तो साहित्याचा विषय आहे. माडगूळकरांचा संयम आणि चितमपल्लींचा शब्दसंग्रह एकत्र येऊन, मचाणावर बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक मराठीला हवे आहे.

कोणी म्हणेल की, प्रवासाला गेलेल्या कुटुंबाने चार दिवसांत सहवास कोठून आणावा? आक्षेप रास्त आहे. चार दिवसांत सहवास घडत नाही, पण चौकशी घडू शकते. ज्या टेकडीचे छायाचित्र घेतले, तिला तेथील लोक काय म्हणतात; मोटार हाकणाऱ्याचे गाव पूर्वी कोठे होते; त्याची गुरे आता कोठे चरतात; ज्या झाडाखाली आपण डबा उघडला, त्याचा उपयोग त्याची आई कशासाठी करीत असे, एवढे प्रश्न विचारण्यास कोणत्याही परवान्याची गरज नाही. मुलांनाही वाघ मोजण्याबरोबर हे विचारण्याची सवय लावता येईल. मग वाघ दिसला नाही तरी लिहिण्यासारखे खूप उरेल. आणि दिसला तर तो कोणाच्या शेजारी राहतो, हेही वाचकाला कळेल.

दूरदेशीचे सौंदर्य पाहून येणारा मराठी प्रवासी आणि घरच्या धुऱ्यावर रात्र काढणारा मराठी शेतकरी, हे दोघे आज एकमेकांचे लेखन वाचीत नाहीत, कारण दुसऱ्याचे लेखन अद्याप झालेलेच नाही. ते व्हावे, आणि पहिल्याने त्यापासून पाहण्याची रीत शिकावी, अशी अपेक्षा वाङ्मयाच्या हितचिंतकाने बाळगली तर ती अप्रस्तुत होणार नाही.