बोलणारा हातमोजा कोणासाठी?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत गेली काही वर्षे एक उपकरण हमखास दिसते. विद्यार्थी हातमोजा घालतो, बोटे ठरावीक प्रकारे वाकवतो आणि शेजारच्या ध्वनिक्षेपकातून ‘मला पाणी हवे आहे’ असा आवाज येतो. मागच्या तक्त्यावर लिहिलेले असते, ‘मूकबधिरांना वाचा’. पाहणारे थक्क होतात. परीक्षक म्हणून आम्हीही अशा हातमोज्यांना भरघोस गुण दिले आहेत. त्या गुणांची आज फेरतपासणी करावीशी वाटते.

प्रथम जमेची बाजू पाहू. प्रत्येक बोटावर एक पट्टी शिवलेली असते. ती वाकली की तिचा विद्युतरोध बदलतो. स्थिर रोधाबरोबर ती एकसर जोडली म्हणजे हा बदल विभवांतराच्या रूपाने मोजता येतो. मनगटावरचा त्वरणमापी हाताचा कल सांगतो. सूक्ष्मनियंत्रक या आकड्यांची साठवलेल्या नमुन्यांशी तुलना करतो आणि जुळेल ते वाक्य वाजवतो. ओहमचा नियम, संवेदक, आज्ञावली हे सारे मुले स्वतः करून शिकतात. यात उणे काढण्यासारखे काही नाही. आक्षेप आहे तो तक्त्यावरच्या ओळीला.

सांकेतिक भाषा म्हणजे बोटांच्या मुद्रांची यादी नव्हे. अमेरिकन सांकेतिक भाषेचा अभ्यास करून विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिले की खुणेलाही घटक असतात: हाताचा आकार, तो शरीराच्या कोणत्या भागापाशी आहे ते स्थान आणि त्याची हालचाल. पुढच्या संशोधनाने चेहऱ्याचे महत्त्व स्पष्ट केले. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेत हात त्याच खुणा करीत असताना भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो; डोके हलवले की नकार होतो. हातमोज्याला बोटांचा बाक कळतो. हात कपाळापाशी आहे की छातीपाशी, हे कळत नाही. चेहरा तर त्याच्या कक्षेतच नाही. मराठी वाक्यातून ‘का’ आणि ‘नाही’ गाळून वाचले तर जे होईल, तेच इथे होते.

आणखी एक गोष्ट. आम्ही पाहिलेले बहुतेक हातमोजे एका हाताचे होते आणि अमेरिकन बोटलिपीतील अक्षरे ओळखत होते. ती लिपी एका हाताची आहे. भारतात इंग्रजी अक्षरांसाठी प्रामुख्याने दोन हातांची बोटलिपी वापरतात. म्हणजे ज्यांच्यासाठी उपकरण केले, त्यांची अक्षरेही त्यात नव्हती!

हा दोष केवळ शाळकरी मुलांचा नाही. २०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना अशाच हातमोज्यांच्या जोडीसाठी १०,००० डॉलरचे लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळाले. त्यावर त्याच विद्यापीठातील सांकेतिक भाषेच्या अध्यापकांनी आणि भाषाशास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून आक्षेप नोंदवले. २०२० साली ‘नेचर इलेक्ट्रॉनिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या हातमोज्याच्या संशोधनात चेहऱ्यावरही संवेदक चिकटवले होते, ही सुधारणाच म्हणायची. तेथे ६६० नमुन्यांच्या विश्लेषणातून ओळखीची अचूकता ९८.६३ टक्क्यांपर्यंत गेली.

आकडा मोठा दिसतो, पण तो सुट्या खुणांचा आहे. दहा खुणांचे वाक्य घेऊ. प्रत्येक खूण इतक्याच अचूकतेने आणि इतरांपासून स्वतंत्रपणे ओळखली गेली असे मानले, तर सर्व दहा बरोबर येण्याची शक्यता ०.९८६३ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ८७ टक्के. आठांतले एक वाक्य चुकणार. शिवाय सलग संभाषणात एक खूण कोठे संपली आणि दुसरी कोठे सुरू झाली, हा प्रश्न उरतोच. हे गणित अकरावी-बारावीच्या वर्गात अवश्य करून घ्यावे.

तरीही समजू की यंत्र अचूक झाले. कर्णबधिर रुग्णाने हातमोजा घालून डॉक्टरांना दुखणे सांगितले. डॉक्टर तोंडाने उत्तर देतात. ते रुग्णापर्यंत कसे पोहोचणार? हातमोज्याला कान नाहीत. यंत्र अंगावर घालायचे ते कर्णबधिराने, आणि सोय होते ती ऐकणाऱ्याची. त्याला एक खूणही शिकावी लागत नाही.

याच्याशेजारी दुसरे एक उपकरण ठेवून पाहावे. स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर गेली. ते आरंभी हाताने कळ दाबून संगणकाच्या पडद्यावरील शब्द निवडत. पुढे हातही चालेना, तेव्हा चष्म्याला लावलेला अवरक्त संवेदक गालाच्या स्नायूची हालचाल टिपू लागला. इंटेलच्या अभियंत्यांनी डोळ्यांच्या हालचालीवर आणि मेंदूच्या विद्युतसंकेतांवर चालणाऱ्या युक्त्याही आजमावल्या, पण त्या त्यांना जमल्या नाहीत. अखेर गालाची एकच कळ ठेवून शब्द सुचवणारी आज्ञावली सुधारली गेली. ती २०१५ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली. हॉकिंग यांनी आपला जुना यांत्रिक आवाज मात्र बदलू दिला नाही.

या दोन उपकरणांतला फरक संवेदकांच्या संख्येत नाही. हॉकिंग यांच्यापाशी इंग्रजी भाषा होती, ती बाहेर पडण्याची वाट बंद झाली होती. उपकरणाने ती वाट उघडली आणि प्रत्येक टप्प्यावर त्यांना विचारून उघडली. सांकेतिक भाषा बोलणाऱ्या माणसाची वाट बंद नाही. त्याची भाषा पूर्ण आहे. ती येत नाही आपल्याला. ‘वाचा देतो’ असे म्हणताना आपण त्याची असलेली भाषाच नाकारतो आणि विद्यार्थ्यांनाही तसेच शिकवतो. आमचा खरा आक्षेप हा आहे.

मग प्रकल्प करूच नयेत का? अवश्य करावेत. हीच पट्टी पक्षाघातानंतर बोटे किती वाकतात हे मोजायला वापरता येईल. हात न उचलता येणाऱ्या मुलासाठी हनुवटीने दाबायची एक कळ हाही उत्तम प्रकल्प ठरेल. पण आरंभ त्या मुलापासून व्हावा. सांकेतिक भाषेची आवड असेल तर तीच शिकावी. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत माध्यमिक स्तरावर ही भाषा विषय म्हणून आली.

पुढच्या प्रदर्शनात आम्ही गुणपत्रिका हाती घेण्याआधी दोन प्रश्न विचारणार आहोत: हे ज्यांच्यासाठी केले त्यांनी ते वापरून पाहिले का, आणि पाहिल्यावर ते काय म्हणाले? शिक्षकांनी हे प्रश्न प्रकल्प निवडतानाच विचारले, तर आमच्यावर ती वेळ येणार नाही.